हिरव्या कड्याची वीस मिनिटं

केरबा न्हाव्याने वस्तऱ्याला धार लावली, तेव्हा आठ महिन्यांचा निनाद मोरेश्वरमामाच्या मांडीवर बसून टकमक बघत होता.

मामाच्या मनगटावरचं कडं हिरवं होतं. म्हणजे कॅन्सरसाठी त्याच्या प्रोस्टेटमध्ये पेरलेल्या किरणोत्सारी बिया झोपल्या होत्या आणि बाळाला जवळ घ्यायला धोका नव्हता. दिवसातून एकदाच, वीस मिनिटं. मामाच्या आजोबांच्या वेळी बियांना झोपवता येत नसे. त्या मंदावेपर्यंत दोन महिने आजोबांनी तान्ह्या मोरेश्वरला लांबूनच खुळखुळा दाखवला होता.

"केरबा, लेकीची कुस्ती कुठवर आली?" मामाने विचारलं.

झालं! वस्तरा थांबला आणि केरबाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. उपांत्य फेरी, धोबीपछाड, पंचांशी भांडण. निनादच्या आईने, सुमेधाने, दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. डावी बाजू कशीबशी झाली, तोच कडं पिवळं झालं. बिया जाग्या व्हायला एकच मिनिट होतं.

मामाने निनादला झटकन सुमेधाकडे दिलं. डावीकडे चकचकीत गोटा, उजवीकडे भरघोस जावळ! सगळं घर पोट धरून हसलं.

"उरलेल्यासाठी मी धरते याला, दादा," सुमेधा म्हणाली.

"अजिबात नाही. जावळ मामाच्याच मांडीवर काढायचं," तिच्या सासूबाईंनी बजावलं. "दोघंही उद्या या."

मामाने केविलवाणा चेहरा करून मान डोलावली. दाराबाहेर पडल्यावर मात्र तो केरबाच्या कानाशी लागला.

"अंतिम फेरी उद्या सांग. आणि अगदी सुरुवातीपासून."