न विचारता केलेली सोयरीक

साताऱ्याला पुतणीची सुपारी फोडून सुभेदार लालासाहेब दोन दिवसांनी उंब्रजला परतले, ते थेट परसातल्या आंब्याकडे गेले आणि तिथंच थिजले. खोडावर बांधलेल्या सीतेच्या वेणीच्या रोपाचा गच्च फुललेला तुरा पार बोडका झाला होता. देठावर उरली होती फक्त तीन फुलं. तीही मलूल, आणि तिन्हींना तांबडा दोरा बांधलेला. दोऱ्याला चिठ्ठी होती, 'लीला, क्रमांक एक.'

लीला म्हणजे दादासो वकिलांची बायको. वकील सांगलीचे, कराडच्या कोर्टात काम निघालं की मुक्काम सुभेदारांकडे. दोघांनाही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुलांचा नाद; सीतेची वेणी त्यातलीच. पण सुभेदार रानातलं रोप जसंच्या तसं जपायचे आणि वकील याचा पराग त्याला लावून नवे वाण काढायचे, वर त्यांना घरच्यांची नावं द्यायचे.

या खेपेलाही कोर्टाच्या कामाला आलेले वकील ओसरीवर चहा पीत बसले होते.

"वकीलसायेब, ह्ये काय केलंसा?"

"पाहिलंत?" वकिलांनी खुशीत तपकिरीची डबी उघडून दाखवली. "माझ्या कलकत्त्याच्या रोपाचा पराग यातून आणला. परवा काडीनं लावला आणि बघा, धरला! बाकीची फुलं आज सकाळी खुडली. शेंगांना ताकद नको का मिळायला? तुमच्या रानटी झाडाचं सोनं होईल, सुभेदार!"

सुभेदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रानटी म्हणे! पाटणच्या वरच्या अंगाचा डोंगर लढाईच्या धामधुमीत लाकूड ठेकेदारानं भादरून काढला, तेव्हा तोडलेल्या फांदीवरून त्यांनी हे रोप उचलून आणलं होतं. चार वर्षांनी यंदा पहिल्यांदा फुललं. शेंगा पिकल्या की बी नेऊन डोंगरावर उरल्यासुरल्या झाडांच्या सालीत सोडायचं, एवढीच म्हाताऱ्याची आस होती. आणि हा शहाणा पाहुणा म्हणून येतो काय आणि परस्पर कारभार उरकतो काय!

"सोयरीक करताना पोरीच्या बापाला इचारत्यात, वकीलसायेब. तेवढी तरी रीत हाय न्हवं तुमच्या सांगलीत?"

सुभेदारांनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला. आंब्याकडे जाऊन तिन्ही फुलं दोऱ्याचिठ्ठीसकट कापली आणि आणून वकिलांच्या बशीत टाकली.

"अहो, हे काय! आता तुमच्या हातात तरी काय राहिलं?"

"काय न्हाई. पन तुमच्या वाणाचं बियानं माझ्या डोंगरावर जायाचं न्हाई."

तेवढ्यात मनुबाई नवऱ्यासाठी चहा घेऊन आल्या. अंबाड्यावर पांढऱ्या-गुलाबी फुलांची घसघशीत वेणी होती. लग्नाला तीस वर्षं झाली, सुभेदारांनी बायकोला कधी फूल आणून दिलं नव्हतं.

"आवं, वकीलसायबांनी सकाळी दिली," त्या लाजून म्हणाल्या. "मला वाटलं, तुमीच सांगून गेलाय."

मग त्यांची नजर आंब्याकडे गेली. त्यांनी एकदा बोडका देठ पाहिला, एकदा नवऱ्याचं तोंड, आणि कप तसाच खाली ठेवून केसांकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "यंदा त्या डोंगराचं तेवढंच ऱ्हायलंय."