रोगी समोर आणा

ज्या साहेबाने हा नियम काढला, त्याला पाठीचा कणाच नसावा. असता, तर कधीतरी दुखला असता. नियम असा: रोगी स्वतः आल्याशिवाय अफूच्या अर्काचा थेंब कोणाला द्यायचा नाही. कोणीतरी दवाखान्यातला अर्क ठाण्याच्या बाजारात विकला होता म्हणे. चोर एक, आणि दार लागले सगळ्यांना.

ठमाबाई खाडीपलीकडून रिकामी बाटली घेऊन आली होती आणि दवाखान्याच्या पायरीशी उभी होती.

"डाक्तरसाहेब, शकूच्या बापसाला कूस वळवत नाय. होडीत घातला तर ओरडून जीव देल. आधीचे डाक्तर माझ्याच हाती देत."

"आधीचे गेले. रोगी समोर आण, मग देतो."

"मग सांगा तरी. दुकानातली अफू घेतली, तर किती देऊ?"

"न पाहिलेल्या रोग्याचं माप मी सांगत नसतो, बाई."

डॉक्टर वाईट नव्हता. नोकरीला भीत होता, एवढेच.

समोरच्या गल्लीत राणी सरकारच्या परवान्याचे अफूचे दुकान होते. तिथे कोणी रोगी विचारला नाही, रोगही नाही. दुकानदाराने पानात गोळा बांधून दिला.

"किती द्यायची?"

तो हसला. "मी विकतो, मावशी. माप डाक्तरला विचार."

मिठागरावर पाट्या वाहून तिच्या नवऱ्याची, गोविंदाची पाठ गेली होती. ती घरी येताच तो म्हणाला, "आणलंस?"

ठमाबाईला एकच माप ठाऊक होते. कामावर जाताना बाया तान्ह्याला मोहरीएवढी गोळी चाटवत. शकूलाही तिने तशीच चाटवली होती. मोहरीएवढ्यात पोर निजते, मग एवढ्या थोराड बाप्याला किती? तिने बोराच्या बीएवढी वळली. गोविंदाने गिळली. थोड्या वेळाने तो कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाय पसरून उताणा निजला. "बरं वाटतं गं," म्हणाला. ठमाबाईला वाटले, ही मागेच का नाही आणली? तो विचार पुढे जन्मभर तिला खात राहिला.

सकाळी भावकीने तिरडी उचलली. ठमाबाई पुढे झाली आणि मसणाची वाट सोडून होडीकडे वळली. कोणी तिला अडवले नाही. खाडी ओलांडताना गोविंदा एकदाही ओरडला नाही.

तिरडी दवाखान्याच्या पायरीवर टेकली. डॉक्टर बाहेर आला.

ठमाबाईने उरलेली अफू त्याच्या पायाशी ठेवली.

"रोगी समोर आणलाय, साहेब. आता सांगा. किती द्यायची होती?"