गेटच्या आतला सायरन

"रोज वाजतो?" वकील हर्षदने फोन रेकॉर्डिंगला लावून कोंडाबाईंसमोर धरला.

"हौ. रोज सकाळी. असा वाजतो, भांडे हालतेत."

हर्षद मनातून खूश झाला. जामबागच्या या गल्लीत, कोंडाबाईंच्या दारासमोरच्या आवारात, नव्या कंपनीच्या अँब्युलन्स उभ्या होत्या. सरकारी अँब्युलन्स चालवण्याचं कंत्राट त्या कंपनीला मिळालं, हर्षदच्या अशिलाला नाही. म्हणून त्याने हायकोर्टातून स्टे आणला. टेंडरच्या एका पानावर शिक्का नव्हता, तेवढं त्याला पुरलं. आता स्टे असूनही गाड्या धावताहेत हे सिद्ध झालं, की ती कंपनी कायमची बाद. समोर राहणाऱ्या बाईपेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार? आपण कुणाचे वकील, हे मात्र त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"बस मावशी, एवढंच हवं होतं."

पण कोंडाबाईंचं सांगून झालं नव्हतं.

"आमचे मालक ह्याच खाटेवर होते. छाती धरून बसले. तेवढ्यात सायरन वाजला. मी पळत गेले, तर गेटला कुलूप. आत बुद्धभूषण ड्रायव्हर गाड्या अन् सायरन चालू करून बघत होता. रोज चालू नाही केल्या तर बॅटऱ्या बसतेत म्हणे. मी म्हणलं, लेकरा, एक गाडी काढ. तो रडाया लागला. म्हणला, मावशी, स्टे आहे. गाडी गेटबाहेर गेली तर कोर्ट मला धरंल."

खाटेवर गोधडीची घडी होती. तिच्याकडे बघायचं हर्षदने टाळलं.

"मग?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं.

"घरी आले. शेजारचे ऑटो बघाया गेलते. सायरन चालूच होता. मालक म्हणले, आली का गाडी? मी म्हणलं, आली. म्हणले, मग दार उघड ना, उभी काय राह्यली. मी दार उघडलं. माघारी वळले, तोवर..."

त्यांनी गोधडीची घडी उगाचच सारखी केली.

समोर इंजिन घुरघुरलं आणि सायरन सुरू झाला. खरंच भांडी हलली. कोंडाबाई उठल्या, दाराची दोन्ही कवाडं त्यांनी सताड उघडली.

"रोज उघडावं लागतं साहेब. नाही उघडलं तर दिवसभर त्यांचं तेच कानात. दार उघड, दार उघड."

कुलूप घातलेल्या गेटाआड लाल दिवा गरगर फिरत होता. गाडी जागची हलली नाही. फोनमध्ये हे सगळं भरलं जात होतं. सुरुवातीला ते कामाचं वाक्य होतंच. तेवढं कापून घेतलं, की खटला हर्षदचा होता.

सायरन थांबला.

"तुम्ही काहून उठलात साहेब?" कोंडाबाईंनी विचारलं.

तेव्हा हर्षदच्या ध्यानात आलं, आपण खुर्ची बाजूला ओढून भिंतीला चिकटून उभे आहोत. दारापासून खाटेपर्यंत, स्ट्रेचर आत येईल एवढी वाट त्याने मोकळी करून दिली होती.