सोबतीचं तिकीट

कार्यक्रमाच्या फाटकावर तिच्या बाबांचे मित्र डेन्झिलकाका तिकिटं तपासायला उभे होते. तिच्या हातातली दोन तिकिटं पाहून त्यांनी नजर वळवली. बाबांच्या आवडत्या बँडच्या चाहता मंडळाचा नियम होता, सभासद स्वतः आला तरच त्याच्या सोबत्याला प्रवेश. तिकिटांचा काळाबाजार थांबावा म्हणून बाबांनीच तो भांडून करून घेतला होता.

दरवर्षी बाबा विचारायचे, "येतेस का गं?" दरवर्षी ती म्हणायची, "तुमचा तो गोंगाट कोण ऐकणार!" यंदा ती हो म्हणाली. मंडळाच्या सोडतीत बाबांना दोन तिकिटं लागली आणि पुढच्याच आठवड्यात बाबा गेले.

"जा पोरी आत. मी काही पाहिलं नाही," काका पुटपुटले. "त्याच्या खुर्चीशेजारी बस जरा."

तेवढ्यासाठीच तर ती आली होती. पण कुंपणाला लागून, परत आलेल्या तिकिटांच्या आशेवर लोक रांगेत उभे होते.

"बाबांनी तुम्हाला फाडून खाल्लं असतं, काका." तिकिटं त्यांच्या हातात ठेवून ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आत गिटार घुमू लागली. पुढच्या बाईंनी वळून विचारलं, "किती जण?"

तिने दोन बोटं वर केली. मग एक हळूच मिटून घेतलं.