अर्धं अंडं

पुंजाजीच्या ताटात ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि अर्धं उकडलेलं अंडं होतं. त्याने भाकरी मोडायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते अर्धं अंडं त्याने ओळखलं. काल रात्री त्यानेच ते ताटात शिल्लक ठेवून हात धुतले होते, सिंधूबाईने खावं म्हणून.

सिंधूबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात वाढून घ्यायचं, ही तिची लग्नापासूनची रीत. कुणी सक्ती केली नव्हती. सासू तशी जेवायची, म्हणून हीही तशीच जेवू लागली. तोवर पुंजाजी बाहेर शेळ्यांकडे गेलेला असायचा. बत्तीस वर्षांत त्याने बायकोला जेवताना धड पाहिलं नव्हतं.

तासाभरापूर्वीच दोघं उपकेंद्रातून पायी परतले होते. सिंधूबाईच्या गर्भपिशवीत गाठ होती. रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि फार दिवस थांबू नका असंही. महिन्यापूर्वी रक्त साडेसात होतं. आज नर्स दीपमालाने तिच्या बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि खात्रीसाठी पुन्हा टोचली. साडेसातच.

"बाई, तुम्ही खाता तरी काय?" तिने विचारलं.

"समदं खाते," सिंधूबाई म्हणाली आणि शेजारी उभ्या पुंजाजीनेही मान हलवली. त्याला खरंच तसं वाटत होतं, बिचाऱ्याला.

वाटायला कारण होतं. दोघांचं ठरलं होतं: त्याने तंबाखू सोडायची आणि तिने पोटभर खायचं. त्याने सोडली. पुडीच्या पैशातून चार गावरान कोंबड्या आणल्या. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या शेवग्याचा पाला रोज खुडू लागला. माळ्यावर पडलेली लोखंडी कढई स्वतः खाली काढून घासली, तिच्यातली भाजी रक्ताला चांगली म्हणून. सकाळी तलफ आली की तोंडात बडीशेप टाकायचा आणि विनाकारण शेळ्यांवर ओरडायचा.

"हे कालचं हाय," तो म्हणाला.

सिंधूबाई वळली नाही. "कालचं काहून आसंल?"

"दोऱ्यानं कापताना पिवळं एका अंगाला सरकलं व्हतं. माझ्या ध्यानात हाय. रोजची अंडी कुठं चाललीत?"

कोपऱ्यात वेताचं डालं पालथं घातलेलं होतं, त्याखाली कोंबडी गुरगुरली. पुंजाजीने उठून डालं उचललं. कोंबडी पंख फुगवून खुडूक बसलेली होती. त्याने तिच्या पोटाखाली हात घातला. तिने टोचलं, तरी त्याने हात काढला नाही. एकेक करून तेरा अंडी बोटांना लागली.

"आठ दिस झाले बसवून," सिंधूबाई म्हणाली. "आता काढू नका. खायच्या कामाची न्हाईत ती."

पुंजाजीने डालं पुन्हा पालथं घातलं. त्याला ओरडायचं होतं, पण आवाज चढला नाही.

"मी पुडी सोडली. बत्तीस साल खाल्लेली. अन् तुझ्याच्यानं एक अंडं खाणं व्हईना?"

आता ती वळली. "मी दवाखान्यातून माघारी न्हाई आले तं? घरात तुमच्याभवती काही तरी चालतं-बोलतं पायजे का न्हाई? पिल्लं आसली म्हंजी सकाळी दाणं टाकायला तरी उठताल."

पुंजाजीला जोराची तलफ आली. हात आपोआप खिशात गेला. खिशात बडीशेप होती, ती त्याला खाववेना.

गाडग्यात आजची दोन अंडी होती. त्याने ती चुलीवर पाण्यात ठेवली आणि उकळेपर्यंत जवळच बसून राहिला. सोलायची सवय नव्हती. अर्धा पांढरा भाग टरफलाबरोबर निघून आला. जे उरलं ते त्याने आपल्या ताटात ठेवलं, कालच्या अर्ध्याशेजारी, आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"बस."

"तुमी आदी जेवा."

"आज तू आदी. मी तुझ्या ताटात जेवतो."

सिंधूबाईने दचकून दाराकडे पाहिलं. दारात शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. "बाईचं उष्टं खाताल? लोक काय म्हनतील?"

"लोकायला ऑपरेशन करायचं न्हाई. माझ्यासाठी एक घास जरी मागं ठेवला, तं मी उपाशी उठंन."

ती बसली. कुणी समोर बसून बघत असताना जेवायची तिला सवय नव्हती. घास तोंडात घोळत राहिला, एकदा ठसका लागला. पुंजाजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. भाकरी संपली, भाजी संपली, ताजी अंडी संपली. कालच्या अर्ध्या अंड्यापाशी तिची बोटं थांबली. तिने ते हळूच ताटाच्या काठाला सरकवलं.

पुंजाजी तिच्याकडे बघत राहिला.

तिने ते उचललं आणि तोंडात टाकलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा सुई टोचायची होती. पुंजाजीने ताट आपल्याकडे ओढलं. त्यात काहीच उरलं नव्हतं, फक्त भाजीच्या ओलीत तिची बोटं उमटलेली होती. त्याने ताट विसळलं नाही. टोपल्यातली भाकरी त्यावर घेतली आणि तिच्यासमोरच बसून पहिला घास मोडला.