किनारा सुटल्यावरचा टीव्ही

"किती लांब जाणार, त्यावर सगळं आहे, साहेब," कारागीर बोटीच्या केबिनच्या छतावर टकटक करत म्हणाला. "धक्क्यालाच बांधून ठेवणार असाल, तर साधा अँटेना बास."

"ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले.

पाणीपुरवठा खात्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी ठाऊक असतात. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरी पाणी नेलं. आता आपणच पाण्यावर जायचं म्हणून ही दोन माणसांची बोट घेतली. दोन वर्षं ती धक्क्याला बांधलेली होती, कारण बायको यायला तयार नव्हती. एकट्याने जाता आलं असतं, पण नुसता सूर्यास्त बघून काय करायचं? तो कुणाला तरी समजावून सांगायला नको?

गेल्या महिन्यात एकदाची ती म्हणाली, "टीव्ही असेल तर येते."

साहेबांनी हे वाक्य मंजुरीच्या शेऱ्यासारखं जपलं. तीन महिन्यांची सफर आखली, आणि बोटीवरच्या टीव्हीचा अभ्यास करून अकरा पानांचं टिपण काढलं. ते आता कारागिरापुढे उलगडलं होतं.

"पर्याय पहिला, सिमकार्डचा राउटर. मोबाइलसारखाच. किनारा दिसतोय तोवर मालिका दिसते. पर्याय दुसरा, डिश. बोट हलली की तीही हलते, म्हणून ती घुमटात बसवतात आणि आत मोटर..."

"साहेब, मी हेच बसवतो. सोळा वर्षं."

"असू दे. मोटर तिला उपग्रहाकडे वळवत राहते. का वळवते, ते सांगतो."

कारागिराने खिशातून पाना काढला आणि तो उगाचच पुसू लागला.

एवढ्यात बायको धक्क्यावरून उतरून आली. हातात थर्मास होता. तिने एक कप कारागिराला दिला, एक साहेबांपुढे ठेवला आणि विचारलं, "बंद कधी पडतो?"

"राउटर, वहिनी, किनारा सुटला की बंद. डिश भर समुद्रातही चालेल. फक्त जोराचा पाऊस आला तर पाच-दहा मिनिटं चित्र जातं."

"दहा मिनिटं?" ती म्हणाली.

"अगं, दहा मिनिटांत काय होतंय? आपण गप्पा मारू," साहेब म्हणाले.

तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "दोन्ही बसवा. आणि डिशही गेली तर?"

"मग हार्ड डिस्क. किनाऱ्यावरच मालिका भरून घ्यायच्या. आभाळ कोसळलं तरी चालू."

"तीही द्या."

साहेबांना भरून आलं. भर समुद्र, पाऊस, वादळ. हिने सगळ्याचा विचार केला होता. म्हणजे अर्ध्या वाटेतून परतायचं तिच्या मनात नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांच्या योजनेत इतका रस घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तिचं टीव्हीचं वेड तसं जुनंच. साहेब कचेरीतून आले, बूट काढून "आज काय झालं माहितेय..." म्हणाले, की ती रिमोट उचलायची. मग रात्री झोपेपर्यंत मालिका. जाहिरात लागली की लगेच दुसरं चॅनल. तेवढाही वेळ वाया गेलेला तिला खपायचा नाही. एकदा साहेबांनी कौतुकाने विचारलं होतं, "त्या धाकट्या सुनेचं काय झालं गं शेवटी?" ती म्हणाली, "तेच चाललंय."

पण साहेबांनीही एक व्रत पाळलं होतं. टीव्ही चालू असताना तोंड उघडायचं नाही. निम्मं वाक्य झालेलं असलं तरी तिथेच थांबायचं. मित्र बायकोला साड्या घेतात, दागिने घेतात. आपण तिला शांतता दिली, असं ते निवृत्तीच्या भाषणातही म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. बायकोनेही वाजवल्या होत्या, जरा जास्तच वेळ.

आठवड्याभरात काम झालं. छतावर पांढरा घुमट आला, कोपऱ्यात राउटर, पडद्यामागे हार्ड डिस्क. चाचणीच्या दिवशी सकाळी बायको सामानाच्या दोन पिशव्या घेऊनच आली. साहेबांनी त्या स्वतः आत नेल्या.

कारागीर छतावर आणि बायको धक्क्यावर असताना त्यांनी बॅटऱ्यांची जोडणी स्वतःच बघायला घेतली. केबिनच्या फळीचं झाकण उचलून ते खाली उतरले आणि आडवे होऊन आत सरकले. दोन्ही हात तारांत गुंतले, म्हणून टॉर्च दातांत धरला. नाइलाजाने बोलणं बंद झालं. डोक्यावरच्या फळीवर पावलं वाजत होती, बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अहो, साहेब गेले कुठे?" कारागिराने विचारलं.

"असतील कुणाला तरी काही समजावत," बायको म्हणाली.

साहेब टॉर्चभोवती हसले. तिची थट्टा त्यांना आवडायची. बाहेर पडून आज तिला सांगायचं त्यांनी ठरवलं, की हा एवढा खटाटोप तिच्या एका आवडीसाठी केला.

वर टीव्ही सुरू झाला. कुणीतरी रडत होतं, मागे संगीत होतं.

"झकास चित्र आलंय. बसा, वहिनी, नीट समोर बसा."

"इथेच बरी आहे. इथून बाहेरचं पाणी दिसतं."

"बरं, डिस्कवर कुठल्या मालिका भरू? तुमच्या आवडीच्या सांगा."

"भरा कुठल्याही."

"असं कसं? तीन महिने बघायच्यात तुम्हाला."

"मी नाही हो बघत कधी," बायको म्हणाली. "पण टीव्ही चालू असला की हे बोलत नाहीत."