कॅप्टनच्या मेजवानीचा कोट

"बो सोडा आणि पुन्हा बांधा," वैजयंती म्हणाली. "या वेळी आरशात न बघता."

त्याने गळ्यातला काळा बो सोडला. पहिली गाठ तिरकी बसली, दुसरी सैल.

बोटीच्या कंपनीने पाठवलेली चकचकीत पुस्तिका मांडीवर घेऊन ती पलंगावर बसली होती. संध्याकाळनंतर जेवणाच्या हॉलमध्ये चपला, हाफपँट, उघडी कॉलर चालणार नाही. कॅप्टनच्या मेजवानीला पुरुषांनी काळं डिनर जॅकेट घालायचं, बायकांनी गाउन किंवा आपापल्या देशाचा पोशाख. नियम न पाळणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं जाईल.

"त्या रात्री तुम्हाला दारातून परत पाठवलं तर सगळंच फुकट," ती म्हणाली. "कॅप्टन प्रत्येकाशी हात मिळवतो. फोटो काढतात. त्या फोटोत तुम्ही पाहिजे."

"ठाऊक आहे."

"मग गाठ सरळ येऊ द्या."

मुंबईहून सिंगापूर, वाटेत कोलंबो. पंपांची सर्वांत जास्त विक्री केली म्हणून सुभाषला आणि त्याच्या बायकोला कंपनीने दिलेलं हे बक्षीस होतं. तिकिटं नावावर होती, दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती. मध्यंतरी ऑफिसात कावीळ झाल्याचं कळवून रजा टाकली होती, आणि वाशीची जागा सोडून सीवूड्सच्या या नव्या इमारतीत बिऱ्हाड हलवलं होतं. इमारत अर्धी रिकामी होती. टेलिफोनही अजून आला नव्हता.

कोट वाशीच्या ज्योतिबा टेलरने हिवाळ्यातच शिवून दिला होता. आता तो अंगावर लोंबत होता, म्हणून वैजयंती एकटीच दुकानात घेऊन गेली. नवीन मापं वाचून ज्योतिबाने चष्मा वर केला.

"साहेब एवढे उतरले?"

"कावीळ झाली होती."

"काविळीत पोट जातं, वैनी. खांदे कसे जातील?"

"शनिवारी न्यायला येते," ती म्हणाली.

पुस्तिकेतलं सगळं ती त्याच्याकडून घोटून घेत होती. सूप पिताना आवाज नको. काटा डाव्या हातात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, काहीही घेतलं की सही करायची, म्हणून सहीसुद्धा. मिशी ती स्वतः कात्रीने सारखी करायची. "पासपोर्टावर आहे तशी पाहिजे," म्हणायची. तो मान वर करून निमूट बसायचा. रात्री उकडतं म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायचा.

"मला झोप लागत नाही," एकदा तो म्हणाला.

"मला नऊ वर्षं लागली नाही," ती म्हणाली.

समोरच्या ब्लॉकमधली नंदिनी साड्या बघायला आली. लग्नाला वर्षही न झालेली, बोलघेवडी मुलगी. तिला बोटीचं भारी अप्रूप होतं.

"किती वर्षं झाली हो तुमच्या लग्नाला?" तिने त्याला विचारलं.

"आठ," तो म्हणाला.

"नऊ," वैजयंती म्हणाली.

नंदिनी हसली. "पुरुषांना कुठे लक्षात राहतं." मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने त्याला विचारलं, "हे कोण, तुमच्याशेजारी? अगदी तुमच्यासारखेच दिसतात."

"माझे दीर, विलास," वैजयंतीनेच उत्तर दिलं. "बडोद्याला असतात."

कांजीवरम खांद्यावर लावून बघताना वैजयंतीची बाही वर सरकली. दंडावर पाच बोटांचे वळ होते, पिवळे पडत आलेले. नंदिनीचं बोलणं तिथेच तुटलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो उठून गॅलरीत गेला.

चहा करताना स्वयंपाकघरात नंदिनी हळूच म्हणाली, "ताई, नका जाऊ. इथे निदान मी तरी आहे. भर समुद्रात या माणसाबरोबर कुणाच्या नावाने हाक मारणार?"

"जायलाच हवं," वैजयंती म्हणाली. "तू खूप चांगली आहेस गं." आणि लांब बाह्यांचे ब्लाउज तिने वेगळे काढून ठेवले.

निघायच्या दोन दिवस आधी सासू, काशीबाई, महाडजवळच्या गावाहून आली. आल्या आल्या तिने सुनेला जवळ घेतलं, तिच्या दंडावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मुलाकडे तिने पाहिलंही नाही. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा पाय मागे घेतले. दोन दिवस ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. वैजयंती वाढायची, तो ताटात बोटं फिरवायचा आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून जेवायची.

निघायच्या सकाळी नंदिनी जिन्यापर्यंत आली, वैजयंतीच्या हातात एक कागद कोंबून गेली. त्यावर नंदिनीच्या नवऱ्याच्या ऑफिसचा फोन नंबर होता. मागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वैजयंतीने कागद पर्समध्ये नीट ठेवला आणि बॅग घेऊन खाली टॅक्सीकडे गेली.

तो कोटाचं कव्हर हातावर टाकून दारात उभा होता. काशीबाई पलंगावरून उठली. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिने पहिल्यांदाच मान वर करून त्याचा चेहरा पाहिला. मिशी पाहिली, मागे वळवलेले केस पाहिले. तिचे ओठ हलले. मग पदराने तिने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

"नीट जेव तिकडं. सगळ्यांशी बोल, हात मिळव," ती म्हणाली. "चारशे मानसांनी सुभाषला जिता बघितला, की कोलंबोला उतर, सुभाषला तिथंच हरवू दे आनि घरी ये, विलास. मला आता तू एकलाच उरलायस."